धर्मशाळेच्या फलकावरची मधली ओळ

या, असे पुढे सरका. पाय आखडून घ्या म्हणजे मागच्या माउलींनाही टेकायला जागा होईल. टाळ विसावलेत, मृदंगाची कणीक वाळून गेलीय, आणि महाराजांचा चहा अजून चुलीवरच आहे. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. ही हरिकथा नव्हे, पण हरिकथेच्या उंबऱ्यावर घडलेली आहे, म्हणून इथं बसून सांगायला हरकत नाही.

आपल्या घनसावंगी तालुक्यात, गंगेच्या काठाला गंगाबोरी म्हणून गाव. नकाशात गोदावरी लिहितात, पण काठावरच्या माणसाला ती गंगाच. गाव मुठीएवढं, पण जुनी कामं दांडगी. दगडी वेस, बारव, पाण्यात उतरणारा घाट आणि घाटाच्या माथ्यावर धर्मशाळा. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणारा माणूससुद्धा वाट वाकडी करून घाटावर घटकाभर बसून जायचा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला तालुक्याच्या एका साहेबांना वाटलं, जांब समर्थला दर्शनाला येणारी मंडळी गंगेच्या आंघोळीला इकडंच येतात, तर या जुन्या कामांजवळ माहितीचे फलक लावावेत. पत्र्याचे फलक आले. पिवळा रंग, काळी अक्षरं. रंगवायला कडूबा पेंटर आणि मजकूर लिहायला धर्मराज गुरुजी.

गुरुजी नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले. कीर्तनात पहिल्या रांगेतले टाळकरी. एखाद्या बुवांनी कथा रंगात आणली की यांचे डोळे वाहायला लागत आणि टाळ मात्र ठेक्यावर चालू. असा माणूस फलक लिहायला मिळाला म्हणून गाव खूश. पण गुरुजी महिन्याभरातच थकले. अंगानं नव्हे, माणसांनी थकले.

वेशीच्या फलकापासूनच सुरुवात झाली. गावातल्या दोन भावक्या कडूबाच्या डाव्या-उजव्या हाताला उभ्या.

"लिव्हा गुरुजी, आमच्या खापरपणज्यानं येस बांधली."

"तुमच्या खापरपणज्यानं येशीला म्हशी बांधल्या! येस आमच्या लोकांची."

बारवेपाशी वेगळंच. ती कुणी बांधली हे कुणालाच सांगता येईना. गुरुजींनी सरळ लिहून दिलं, ‘बांधणाऱ्याचे नाव ठाऊक नाही.’ त्यावर गाव नाराज. ठाऊक न्हाई असं कुणी फलकावर लिव्हतं का? पाव्हण्यारावळ्यांत इज्जत काय राहील? शेवटी ‘प्राचीन’ हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा निघाला. वेस प्राचीन, बारव प्राचीन, घाट तर फारच प्राचीन. गुरुजी रोज संध्याकाळी मान खाली घालून घरी यायचे, पाय धुवायचे आणि भिंतीला टेकून बसायचे.

राहिली धर्मशाळा. तिथं मात्र त्यांना एक ओळ लिहायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शुद्धलेखन सांगितलं, आता स्वतःच्या हातची एक खरी ओळ गावात असावी, एवढीच त्यांची इच्छा. त्या ओळीमागची हकीकत त्यांना त्यांच्या कारभारणीनं, सत्यशीलाबाईंनी, वर्षानुवर्षं ऐकवलेली होती.

"धर्मशाळेचं काय लिव्हलं?" शेंगा निवडता निवडता सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"लिहिलं न्हाई अजून."

"प्राचीन लिव्हा अन् मोकळे व्हा. तुमाला दुसरं येतंय काय?"

"तूच सांग मग. पुराच्या साली मी मंठ्याच्या शाळेवर होतो."

"हजार बारी सांगितलं की." पण शेंगांचं सूप बाजूला सरकवून त्यांनी पुन्हा सांगायला घेतलं.

तुम्हीही ऐका, कारण सगळी गोष्ट यावरच उभी आहे. गंगाबोरीचा श्रावणातला हरिनाम सप्ताह धर्मशाळेच्या सोप्यात बसतो. सप्ताह उभा राहिला की वीणा जमिनीला टेकवायची नाही. दिवसरात्र ती कुणाच्या तरी गळ्यात हवी. आणि एकाकडून दुसऱ्यानं घेताना आधी देणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, मग हात पुढं करायचा. तिथं सासरा-जावई नाही, मालक-सालगडी नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याचे पाय धरायचे, अशी ही रीत.

त्या साली ऐन सप्ताहात गंगेला पाणी आलं. सांजेच्या वक्ताला घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. सोप्यात वीणा गळ्यात घेऊन पहाऱ्याला कारभारी होते, म्हणजे फलक लागले तेव्हाच्या सरपंच रामरावांचे वडील. त्यांची बैलं नदीकाठच्या खळ्यावर दावणीला. जीव खालीवर होतोय, आणि वीणा घ्यायला जवळ कुणी नाही. होती फक्त झुंबरबाई. धर्मशाळा झाडणारी, शेणानं सारवणारी, यात्रेकरूंची घाण काढणारी रांडमुंड बाई. ती कुठून आली, कुणाची कोण, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडत नव्हती, तिच्या ओंजळीत पाणी लोक वरूनच ओतत.

"कारभारीदाजी म्हणले, झुंबरे, धर जरा. आलोच," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तिनं ओला हात पदराला पुसला न्हाई तवर वीणा गळ्यात. दाजी गेले ते गेलेच. मागून पाणी सोप्यात शिरलं. ही बाई जिना चढून माळवदावर. आमी समदे आपापल्या माळवदावर, अन् तिकडं ती एकटी, डोक्यावर घोंगडं, गळ्यात वीणा. रामकृष्णहरी म्हणायचा आवाज आमच्यापतूर येत व्हता. पहाटे पहाटे नुसती तार वाजायची, आवाज बसल्ता तिचा."

"मग?" गुरुजींना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं.

"मंग काय? दुसऱ्या दिशी दुपारी पाणी उतरलं. गडीमाणसं गेली. समदे गाळात हुबे. ह्यानं त्याच्याकडं बघायचं, त्यानं ह्याच्याकडं. वीणा घ्यायची म्हंजी आधी पाया पडायचं. कुणाच्या? झुंबरआक्काच्या! एक बी पुढं होईना. तिनं वरनं इचारलं, खाली ठिवू का मंग? तर समदे एकदम वरडले, ए, खाली ठिवू नको! घ्यायची बी न्हाई अन् ठिवू बी द्यायची न्हाई. असली देवाची माणसं आपल्या गावात!"

दिवस कलेपर्यंत ती बाई तशीच उभी होती. शेवटी, ज्यांच्या पूर्वजांनी धर्मशाळा बांधली त्या कचरूलाल शेटजींची आजी लाडबाई, ओढणी सावरत, काठी टेकत, गाळातून आली. जिना चढली. झुंबरबाईच्या चिखलानं भरलेल्या पायावर तिनं डोकं ठेवलं आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. ती खाली उतरल्यावर गडीमाणसांची सोय झाली. शेटजींच्या आजीच्या पाया पडायला कुणाची हरकत असणार? रांगच लागली म्हणे.

सप्ताह पुढं चालू झाला, काला झाला, आणि गंगाबोरीचा सप्ताह ‘अखंड’ म्हणून पंचक्रोशीत गाजला. कीर्तनाला येणारे बुवा सांगू लागले, पुरात देवानं वीणा तारली. झुंबरबाई सोपा झाडत झाडत ऐकायची.

दुसऱ्या दिवशी गुरुजी धर्मशाळेत गेले. मागच्या अंगाच्या खोलीत झुंबरबाई राहत होती. आता डोळ्यांपुढं सारी धुई, झाडणं सुटलेलं, लोक आणून देतील ते खायची.

"कोण हाय?"

"मी धर्मराज. आक्का, धर्मशाळेच्या फलकावर तुमचं नाव घालायचं म्हणतो. पुराचं."

म्हातारीनं चाचपत पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "कारभारीदादाचं नाव घालू नको बापा. ते आलोच म्हणले व्हते. त्यास्नी येता आलं न्हाई. बैलं वाचली का मंग?"

"वाचली असतील, आक्का."

"लाडबाईचं घाल. ती पाया पडली." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं तोंड करून, लाजल्यासारखं, "माझं घातलंच, तर केवढ्या अक्षरात?"

गुरुजींना हसू आलं. "हातभर अक्षरात," ते म्हणाले.

"इतकं कशाला? आंधळ्याला बी दिसंल मंग," म्हातारी म्हणाली, पण तिचा चेहरा उजळलेला होता.

बैठक सोप्यातच बसली. रामराव, कचरूलाल शेटजी, भजनी मंडळाचा प्रमुख बद्रीनाथ, आणि भिंतीला टेकवलेल्या पत्र्यापुढं कडूबा. गुरुजींनी तीन ओळी वाचून दाखवल्या. वर, धर्मशाळा शेटजींच्या पूर्वजांनी बांधली. खाली, येथील श्रावण सप्ताह अखंड आहे. आणि मध्ये, पुराच्या साली झुंबरबाईंनी वीणा धरली, लाडबाईंनी उतरवून घेतली, म्हणून. हे ‘म्हणून’ खालच्या ओळीला जाऊन मिळायचं.

कडूबानं चुन्याची दोरी मारून ओळी आखल्या. त्याची एक रीत होती, आधी वरची ओळ, मग खालची, पोट शेवटी. दोन्ही टोकं बसली की मधल्या ओळीची अक्षरं सैल-घट्ट करता येतात. त्याप्रमाणे त्यानं ब्रश उचलला, आणि इकडं चर्चा पेटली.

"गुरुजी, पूर कशाला आणता मधी?" रामराव म्हणाले. "लोक आंघुळीला येऊन राह्यले. भितील की."

"आमच्या दादीनं वीणा घेतली, ते बिलकुल बराबर हाय," शेटजी म्हणाले. "एवढंच लिहा, लाडबाईंनी वीणा राखली. पत्र्याचा खर्चा मी देतो."

"शेटजी, दादीनं ती घेतली कुणाच्या गळ्यातून?"

शेटजींनी माळवदाच्या कड्या मोजायला घेतल्या.

बद्रीनाथ म्हणाला, "वीणा देवानं राखली. माणसाचं नाव आलं की त्यात अहंकार आला."

"वरच्या ओळीत शेटजींच्या पूर्वजांचं नाव चालतं. तिथं अहंकार न्हाई?"

"ते बांधकाम झालं. हे भक्तीचं हाय."

"मग खालच्या ओळीतला ‘अखंड’ खोडा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, दमलेलाच होता. "झुंबरआक्कांच्या गळ्यातली वीणा आपण मोजत नसू, तर त्या रात्री सप्ताह मोडला. मोजत असू, तर नाव घाला. दोन्हीकडून कसं बोलता येईल?"

सगळे कडूबाच्या ब्रशाकडं बघायला लागले. अखंड खोडायचं? पावतीबुकावर अखंड, मांडवाच्या कमानीवर अखंड, गेल्या वर्षीच्या बुवांनी तर त्यावर तासभर निरूपण केलेलं.

बद्रीनाथनं शेवटी मर्मावर बोट ठेवलं. "गुरुजी, तुमी त्या साली मंठ्याला व्हता. तुमाला काय म्हाईत?"

गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. त्या दुपारी गाळात उभे असलेले दोघेतिघे तिथंच बसले होते. कुणी पायाचा अंगठा पाहत होतं, कुणी तंबाखू मळत होतं. रामरावही वर पाहत नव्हते. गुरुजींना कळलं, यांना विचारून काही निघायचं नाही.

"मधलं मागून भरू," रामराव उठता उठता म्हणाले. "घाई काय हाय?"

तोवर कडूबाची वरची आणि खालची ओळ झालेली होती. "मंग मी काय करू?" त्यानं ब्रश झटकत विचारलं.

"ठिव तसंच."

फलक तसाच भिंतीवर चढला. वर बांधणाऱ्यांचं नाव, खाली अखंड, आणि मध्ये कोरा पिवळा पट्टा, चुन्याच्या रेघांसकट. गुरुजी घरी आले. सत्यशीलाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला.

झुंबरबाई अधूनमधून विचारायची, "झाली का रं माझी ओळ?" गुरुजी म्हणायचे, "होईल, आक्का." ते मागच्या दारानं जायला लागले, म्हणजे फलक डोळ्यांना पडू नये. पुढच्या थंडीत ती गेली. खांदा द्यायला माणसं आली, नाही असं नाही. गुरुजींनी टाळ नेले होते, पण त्या दिवशी त्यांना ठेका धरता आला नाही.

मग वर्षं गेली. रामरावांचं सरपंचपद गेलं, गुडघे गेले. ते दिवसभर धर्मशाळेच्या ओट्यावर बसायचे, बरोबर फलकाखाली, कारण सावली तिथंच पडायची. गुरुजी समोर घाटाच्या वरच्या पायरीवर. दोघं फार बोलत नसत. आणि येणारा-जाणारा वाचायचा, अडायचा, आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्यालाच विचारायचा.

"काका, मधली ओळ कोरी का?"

"पेंटरची चूक."

दुसऱ्याला सांगायचे, "रंग उडाला." तिसऱ्याला, "सायबाचं नाव यायचंय." जांबच्या रामनवमीला गर्दी असली की दिवसातून कितीदा तरी. गुरुजी पायरीवरून ऐकायचे. सुरुवातीला रामराव ठसक्यात सांगायचे, मग हळूहळू आवाज खाली जात गेला. खरं बोलून माणूस एकदा थकतो. खोट्याचं तसं नाही, ते रोज नव्यानं वागवावं लागतं.

असंच एकदा, नवमीच्या दुसऱ्या दिवशी, एक बाई ओली लुगडी पिळता पिळता फलकापाशी थांबली. शिवकन्या नाव तिचं. मागून तिच्या सोबतिणी तिला हाका मारत होत्या. तिनंही तेच विचारलं.

"रंग उडाला," रामराव म्हणाले.

"उडाला असता तर डाग दिसला असता, बाबा. हितं कुणी लिव्हलेलंच न्हाई. बघा की, चुन्याच्या रेघा बी तशाच हायेत."

रामरावांनी हातातली काठी सारखी केली. गुरुजींना वाटलं, आता खेकसतील. पण ते वर मान करून फलकाकडं पाहत राहिले, जणू पहिल्यांदाच वाचतायत.

"एका बाईचं नाव राह्यलं तिथं," ते म्हणाले. "झुंबरबाई. पुरात वीणा धरून ती ह्या माळवदावर हुबी व्हती, रातभर. माझ्या बापानं दिल्ती तिच्याजवळ, आलोच म्हणून. दुसऱ्या दिशी आमी समदे खाली गाळात. मी बी व्हतो. जवान व्हतो चांगला. पाया पडावं लागंल म्हणून वर गेलो न्हाई."

शिवकन्या ऐकून घेऊन म्हणाली, "मंग लिव्हा की." आणि लुगड्याचा पिळा खांद्यावर टाकून निघूनही गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर रामराव म्हणाले, "गुरुजी, बलवा कडूबाला."

गुरुजी पायरीवरून हलले नाहीत. "राहू द्या, रामराव. कोरी आहे म्हणून लोक विचारतात. भरली की कुणी विचारणार नाही."

हे त्यांनी घरी सांगितलं, जरा कौतुकानंच. सत्यशीलाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"तुमचं निरूपण पुरे! आक्कानं तुमाला केवढ्या अक्षरात ते इचारलं व्हतं, कोरं ठिवा म्हणली व्हती का? उठा."

कडूबाचा मुलगा आता कुंभार पिंपळगावात डिजिटल फलक छापतो. कडूबानं ब्रश केव्हाच सोडलेला. पण आला. शिडीवर चढला, चष्मा सारखा केला.

"वडिलांचं बी घाला," रामराव खालून म्हणाले. "कारभारी ह्यांनी दिली, असं."

"आक्का नको म्हणाल्या होत्या," गुरुजी म्हणाले.

"आक्काचं ऐकायचं तर तिच्या हयातीत ऐकायचं व्हतं."

"भांडू नका," कडूबा वरून ओरडला. "एकाच ओळीची जागा हाय. जल्दी सांगा, हात कापतोय."

गुरुजींनी सांगितलं. ‘झुंबरबाईंनी’ तेवढं मोठ्या अक्षरात, पट्ट्याच्या वरपासून खालपर्यंत. पुढं बारीक, ‘पुरात वीणा धरली, लाडबाईंनी उतरवून घेतली, म्हणून.’ कारभारींना जागा उरली नाही. रामराव काठी टेकत उभे राहिले, ओळ पुरी होईपर्यंत बसले नाहीत.

पुढं काय? पुढं काही नाही. गुरुजींना वाटलं होतं, ओझं उतरल्यासारखं होईल. तसं झालं नाही. ज्या डोळ्यांना ती ओळ दाखवायची होती ते मिटलेले. त्या संध्याकाळी ते तिच्या खोलीत गेले, रिकाम्या बाजेपाशी उभे राहिले, आणि म्हणाले, "झाली, आक्का." एवढं म्हणायला त्यांना फार वर्षं लागली.

आता त्या फलकाचा जुना रंग उन्हानं पार गेलाय. धर्मशाळा कुणी बांधली ते वाचता येत नाही, खालचं ‘अखंड’सुद्धा अर्धंमुर्धं दिसतं. मधली ओळ मागून भरलेली, म्हणून तेवढी ठळक आहे. सगळा फलक नव्यानं रंगवू असं पंचायतीत दरवर्षी निघतं, आणि दरवर्षी राहून जातं.

चहा आला वाटतं. उठा, टाळ घ्या. आज रात्री पहाऱ्याला वीणा तुमच्या गळ्यात येईल. घेताना समोरच्या पायांवर डोकं टेकाल, तेव्हा क्षणभर झुंबरबाईची आठवण करा. तिच्याकडून घ्यायला दिवस कलेपर्यंत कुणी आलं नव्हतं.